काळ्या पट्टीपाशी

मेजावर विमान पडलं होतं. पुठ्ठ्याचं, वीतभर लांब. मागच्या वर्षी कुणाच्या तरी कोपरानं त्याचा एक पंख मोडला होता, तो चिकटपट्टीनं जोडलेला. त्याच्याभोवती खेळण्यातले बंब, खेळण्यातल्या रुग्णवाहिका, आणि त्या सगळ्यांभोवती खरीखुरी माणसं: अग्निशमनवाले, पोलीस, दोन इस्पितळांचे डॉक्टर, विमान कंपनीची एक मुलगी. हैदराबादेत, नारायणगुड्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत पंखा गरगरत होता आणि नकाशाचे कोपरे उडू नयेत म्हणून त्यांवर चहाचे कप ठेवले होते.

विमान कोसळलं, तर कोणी काय करायचं, याची रंगीत तालीम आखून देणारी ही छोटीशी कंपनी. गौरी इथे बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतली होती आणि मेजाच्या टोकाला बसून टिपणं घेत होती. मैदान शहराबाहेरचं, एका जुन्या बंद धावपट्टीचं. दिवस रविवार. आणि भांडण नेहमीचं. पोलीस म्हणत होते फाटक आमचं, बंबवाले म्हणत होते फाटकातून आधी आम्ही, आणि डॉक्टर म्हणत होते की तुमचं ठरेपर्यंत आमचा पेशंट जातो.

"पट्ट्यांवर या," नरसिंगराव म्हणाले. हे कंपनीचे मालक; अग्निशमन दलातून निवृत्त झाले तरी मिशांची ऐट तशीच राहिलेले.

पट्ट्या म्हणजे जखमींच्या मनगटाला बांधायच्या. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता न्या. पिवळी म्हणजे जरा थांबू शकेल. हिरवी म्हणजे स्वतःच्या पायांनी चालतोय. आणि काळी म्हणजे गेलेला. फळ्यावर चार रंगांचे चार चौकोन होते, आणि प्रत्येकात त्या त्या माणसांपाशी कोण थांबणार ते लिहायचं होतं. तीन भरले. चौथा कोरा.

"काळ्या पट्टीपाशी कोण थांबणार?" गौरीनं विचारलं.

डॉक्टरांनी पोलिसांकडे पाहिलं. पोलिसांनी विमान कंपनीच्या मुलीकडे पाहिलं. मुलीनं फोनकडे.

"जिंदे लोगां पैले, अम्मा," नरसिंगराव हसत म्हणाले. "मुर्दे कहीं भागते नै. लिख के रखो, बाद में देखेंगे."

"आणि मॅडम, आपले काळे म्हणजे पोती," सामानसुमान बघणारा किशोर कोपऱ्यातून बोलला. "पोत्यापाशी कोण बसतं? मी सोमवारी निवांत टेम्पोत टाकून आणतो."

सगळे हसले. गौरीही हसली. खरंच होतं ते. या तालमीतले मेलेले म्हणजे जुने शर्ट-पँट चढवलेली रेतीची पोती. मढं होऊन पडायला स्वयंसेवक तयार होत नाहीत, म्हणून पडलेली ही रीत. तिनं वहीत 'नंतर' असं लिहिलं. तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला, मनू बाटली तोंडात घेत नाहीये. छाती दुधानं भरून आली होतीच. ती उठली, आणि चौकोन राहिला तो राहिलाच.

*

मनू म्हणजे मृण्मयी, दहा महिन्यांची. तिला पाळणाघरातून घ्यायचं, मेट्रोतून दिलसुखनगरला उतरायचं, कोचिंग क्लासच्या पोरापोरींच्या लोंढ्यातून पिशवी आणि पोर सांभाळत वाट काढायची, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या घराचं कुलूप उघडायचं. कुलूप खरं तर लागलेलं नसायचं. आत मुकुंदराव असायचे. पण घर असं गप्प असायचं, की गौरीचा हात आपोआप किल्लीकडे जायचा.

मुकुंदराव तिचे सासरे. मूळचे परभणीकडचे, पण दोन पिढ्या हैदराबादेत. बसच्या डेपोत आयुष्य गेलेलं. त्यांच्या एका हाकेवर अख्खा डेपो हलायचा असं सासूबाई सांगायच्या. सासूबाई, म्हणजे गंगू, मनू पोटात असताना गेल्या, आणि त्यांच्याबरोबर ती हाकही गेली. गौरीचा नवरा हर्षवर्धन जर्मनीत, दोन वर्षांच्या कामावर. तो रोज फोन करायचा, नेमका मनू झोपल्यावर. मग पडद्यावर तो आणि इकडे गौरी, आणि दोघंही हळू आवाजात बोलायची, जणू तिघांपैकी कुणीतरी आजारी आहे.

पुण्याहून आलेल्या गौरीला या शहरात दोन वर्षांत एक माणूस जोडता आलं नव्हतं. भाजीवालीशी तेलुगूत 'एंता' म्हणून भाव विचारता यायचा. पुढची वाक्यं सुचायची ती पिशवी भरून पुढे गेल्यावर. घरात तिची भाषा बोलणारा एकच मोठा माणूस होता, आणि त्याच्याशी तिचं बोलणं कसं, तर 'बाबा, वरण गरम करू?' आणि 'हौ, कर की.'

मनूला सांभाळाल का, असं तिनं त्यांना कधीच विचारलं नव्हतं. आईनं पुण्याहून बजावलं होतं, म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात पोर बांधू नकोस, तेही दुःखात आहेत. म्हणून पाळणाघर. रोज सकाळी ती दुपटी, बाटल्या, कुस्करलेलं केळं पिशवीत भरायची, आणि मुकुंदराव पेपर समोर धरून बसायचे. पान उलटल्याचा आवाज मात्र यायचा नाही.

बैठकीच्या त्याच संध्याकाळी ते म्हणाले, "गौरी, रेणूकडं जाऊन राहावं म्हणतो. परभणीला. तिकीट काढलंय, पुढच्या हप्त्याचं. नामपल्ली स्टेशनवरून."

रेणू त्यांची धाकटी बहीण.

"किती दिवस?"

"बघू की. हितं तसं काय काम आहे माझं?"

गौरीच्या हातात मनूची वाटी होती. जाऊ नका, म्हणावं असं तिच्या मनात आलं. पण लगेच हेही आलं, की आपण म्हणू ते त्यांना कसं ऐकू जाईल? फुकटचा राखणदार हवा आहे असं. मग ती म्हणाली, "बरं. आत्यांना बरं वाटेल."

मुकुंदराव थोडा वेळ उभे राहिले. मग कपाटावरची मोठी बॅग खाली काढली. ती झटकली, पुसली आणि दाराशी आणून ठेवली. त्या दिवसापासून येता-जाता गौरीचा पाय तिला लागायचा.

शनिवारी तालमीच्या स्वयंसेवकांपैकी बऱ्याच जणांनी परीक्षेचं कारण सांगून पाय मागे घेतला. गौरी फोनवर फोन करत होती. मुकुंदराव स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले, "मला घ्या की तुमच्या जखम्यांत. पडायलाच तर पाहिजे माणूस."

वर्षभरात त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं. गौरीनं त्यांना हिरवी पट्टी दिली. हिरव्यांना सावलीतला तंबू असतो, खुर्ची असते, चहा आधी मिळतो.

"आणि बाबा, एकच नियम. कुणी येऊन तुम्हाला नेल्याशिवाय जागचं हलायचं नाही. नाहीतर हिशोब चुकतो."

"डेपोत हयात गेली माझी," ते म्हणाले. "नियम मला नक्को शिकवू."

*

रविवारी मनूला पाळणाघरातल्या जयवंतामावशी स्वतः घरी येऊन सांभाळणार होत्या. मुकुंदराव इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. जखमी व्हायला इस्त्री कशाला, असं गौरीच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांनी दाढीही केलेली दिसली आणि तिनं नुसतं दार उघडून धरलं.

मैदानात सगळ्या स्वयंसेवकांचे फोन एका टोपलीत गोळा केले. एका जुन्या बसचा सांगाडा विमान म्हणून उभा केला होता. पलीकडे गुडघाभर गवत, त्यात किशोरनं पोती टाकली होती. गौरीचं काम मात्र तिथून लांब, फाटकापाशी, नातेवाइकांच्या कक्षात. कक्ष म्हणजे तंबू. तिथे नातेवाईक झालेले स्वयंसेवक येऊन रडणार, ओरडणार, मेज आपटणार. आणि गौरीच्या माणसांनी शांतपणे विचारायचं, तुमचं माणूस कोण?

भोंगा वाजला. काळा धूर उठला. बंब आधी गेले, मग फाटकात जे अडकायचं ते अडकलंच. दोन्ही इस्पितळांच्या गाड्या समोरासमोर आल्या आणि चालक एकमेकांना मागे घे म्हणत राहिले. तंबूत एका पोरानं असा काही हंबरडा फोडला, की विमान कंपनीच्या मुलीच्या डोळ्यांत खरं पाणी आलं. "मेरी अम्मी कां है बोलो ना," असं तो म्हणत राहिला. नंतर कळलं, त्याला नाटकात जायचं होतं. पण त्या वेळी गौरी लिहायची थांबली. या शहरात आपल्याला काही झालं, तर या मेजापाशी येऊन कोण विचारणार? हर्षवर्धन विमानात बसेपर्यंत कोण? तिनं मान झटकली आणि पुढचा कागद ओढला.

दुपार टळायच्या आत तालीम संपली. लाल सगळे पोचले, पिवळे सगळे पोचले, हिरव्यांचा आकडा बरोब्बर जुळला. नरसिंगरावांनी आकडे मोठ्यानं वाचले आणि टाळ्या पडल्या. बिर्याणीची पाकिटं उघडली गेली. स्वयंसेवकांची बस निघून गेली. बाबाही तिच्यातूनच गेले असतील, असं गौरीनं धरलं.

तेवढ्यात जयवंतामावशींचा फोन आला. "ताई, मनू छान जेवली बरं का. आजोबा नाहीत आले अजून. त्यांचं पान झाकून ठेवू?"

गौरीनं मुकुंदरावांना फोन लावला.

रिंग वाजली ती तिच्या मागेच. टोपलीत एकच फोन उरला होता, जुना, कडेला रबर लावलेला. थरथरत तो टोपलीच्या तळाशी फिरत होता. तिनं तो उचलला. पडद्यावर नाव आलं होतं: 'घर'.

घरून कोण करतंय यांना, असं तिला वाटलं. मग खालचा नंबर दिसला. तिचाच होता.

"किशोर," ती म्हणाली, "हिरव्यांत माझे सासरे होते. पांढरा शर्ट, उंच. कुठे बसले होते?"

किशोरनं तोंडातला घास गिळला. "मॅडम, हिरवे सगळे आले. आकडा जुळला."

"आकडा राहू दे. ते होते का?"

आता किशोर आठवू लागला. एक पोतं उतरवताना फाटलं होतं, रेती सगळी सांडली. ऐन वेळी काय करायचं, म्हणून त्यानं काळी पट्टी नर्सिंगच्या उशिरा आलेल्या एका मुलीला बांधली होती. ती रडायला लागली. अंगावर चादर घालून मी नाही झोपणार, आई रागावेल, अपशकुन असतो म्हणाली. "तर ते बाबा पुढे आले. म्हणाले, दे बाळ तुझी मला, माझी हिरवी तू घे. मी म्हटलं, चला, सुटलं एकदाचं..." त्याचा आवाज बारीक होत गेला. "ती हिरवी म्हणून चालत आली. आकडा जुळला ना म्हणून."

"आणि काळे?"

"ते मी सोमवारी," किशोर म्हणाला आणि थांबला.

*

गौरी पळत सुटली नाही. पळाली असती तर काहीतरी खरोखरच झालंय असं झालं असतं. ती भरभर चालली. बसचा जळका सांगाडा ओलांडला, बंबांनी केलेला चिखल ओलांडला. गवतात पोती पडली होती, पालथी, उताणी. त्यांच्या ओळीच्या शेवटी एक पांढरी चादर होती, आणि चादरीखालून दोन पाय बाहेर आले होते, पॉलिश केलेल्या बुटांतले.

चादर हलत नव्हती.

"बाबा."

काही नाही.

"बाबा, मी आहे. गौरी."

चादरीतून आवाज आला. "न्यायला आलीस का नुसती बघायला? नियम आहे."

गौरी गवतात मटकन बसली. चादर बाजूला केली. मुकुंदरावांचा चेहरा घामानं भिजला होता, गालावर गवताच्या काडीचा वळ उठला होता. त्यांनी डोळे मिचकावले. तिनं पर्समधली मनूची पाण्याची बाटली काढली, निळ्या झाकणाची, चोखायची. दुसरी नव्हतीच. मुकुंदरावांनी ती पाहिली, झाकण फिरवून काढलं आणि घटाघटा पाणी प्यायले.

"उठायचं नाही का? सगळे गेले. टाळ्या वाजल्या, ऐकू आलं असेल."

"आलं की."

"मग?"

ते उठून बसले. मनगटावरची काळी पट्टी फिरवत राहिले.

"तुझी सासू गेली, तेव्हा मी इस्पितळातून शाल आणायला घरी आलो होतो," ते म्हणाले. "आतमध्ये गारठा फार म्हणाली होती ती. परत गेलो, तर झालेलं. तिला तिथून काढून एका बाजूला ठेवलं होतं. असंच, पांढऱ्यात. बाजूनं माणसं जात होती येत होती. कुणाची चूक नव्हती बाई. ज्याला त्याला कामं होती, जित्यांची. पण मी येईपर्यंत ती तिथं एकटी किती वेळ होती, ते कुणालाच सांगता येईना. वर्षभर मला तेच." त्यांनी गवताची काडी उपटली. "त्या पोरीची पट्टी घेतली तेव्हा मनात काही नव्हतं. चादर तोंडावर आली आणि म्हटलं, बघू तरी कसं असतं."

तेव्हा गौरी सातव्या महिन्यात होती. तिला कुणी इस्पितळात येऊ दिलं नव्हतं. सासूबाईंपाशी थांबायला दुसरं कुणी घरात नव्हतं, ही गोष्ट तिनंही वर्षभर उराशी धरली होती.

"कसं असतं?" तिनं विचारलं.

"तसं काय नाही. चादरीतून उजेड येतो. ऊन लागतं. फक्त पावलं वाजली ना, की वाटतं, हे थांबतील. मग ती पुढं जातात." ते जरा हसले. "एक बंबवाला तर माझ्या पायाला अडखळला. सॉरी म्हणाला आणि गेला. पोत्याला सॉरी म्हणणारा माणूस, भला असणार."

गौरीला हसू आलं, आणि हसता हसता ते भलतीकडेच वळलं. तिनं ओढणीनं नाक पुसलं. मुकुंदराव दुसरीकडे बघत राहिले, तिचं आवरेपर्यंत.

"पाय बधिर झालाय," मग ते म्हणाले. "हात दे."

*

तंबूत आढाव्याची बैठक रंगात आली होती. त्यात ही दोघं शिरली, सून पुढे, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून लंगडत सासरा. त्यांच्या मनगटावरची पट्टी एकेकाला दिसत गेली तसतशी एकेक खुर्ची गप्प झाली. नरसिंगराव उभे राहिले. फळ्यावरचा कोरा चौकोन त्यांच्या पाठीमागेच होता.

"माफ करना साब," ते म्हणाले.

"अरे नक्को साब," मुकुंदराव म्हणाले. "मुर्दे को कायकू माफी? कुर्सी देव."

किशोरनं स्वतःची खुर्ची पुढे केली, बिर्याणीचं पाकीट आणलं, चमचा आणला, परत जाऊन पाणी आणलं. नरसिंगरावांनी खडू उचलला, चौकोनापाशी नेला आणि वळून गौरीकडे पाहिलं. "क्या लिखना, अम्मा? पोलीस? डॉक्टर?"

"कुणीही चालेल, सर," गौरी म्हणाली. "एक माणूस. त्यानं दुसरं काहीच करायचं नाही. फक्त थांबायचं."

त्यावर पुन्हा भांडण झालं, ते कुणाच्या पगारातलं माणूस ते. पण ते भांडण होईपर्यंत ही दोघं बाहेर पडली होती.

परतीच्या बसमध्ये मागची जागा मिळाली. रिंगरोडच्या कडेचे खडक, त्यांच्यावर खडक, मागे मागे जात होते. मुकुंदरावांनी पट्टी अजून काढली नव्हती. गौरी खिडकीबाहेर बघत वाक्य जुळवत होती, आणि जुळलेलं प्रत्येक वाक्य तिला मागणीसारखं वाटत होतं. आरामघरचा चौक मागे पडला. शेवटी ती न जुळवताच बोलली.

"बाबा, तुमच्या फोनमध्ये माझं नाव घर असं का आहे?"

"तो तुझ्या सासूचा नंबर होता आधी. नाव कसं बदलतात मला येईना. तर त्याच्यातच तुझा घातला." मग पट्टी फिरवत, "आणि तसंही घरून फोन करणारं दुसरं कोण आहे?"

"मग जाऊ नका ना," गौरी म्हणाली. "मनूसाठी नाही म्हणत. तिला पाळणाघर आहे. मलाच... दार उघडल्यावर आत कुणीतरी आहे, हे मला लागतं. तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल."

बस सिग्नलला थांबली, सुटली.

"तू रोज सकाळी ती पिशवी भरतीस," ते म्हणाले. "मला वाटायचं, म्हाताऱ्याच्या हातून पोर पडंल असं वाटतं हिला. हर्षाला मीच न्हाऊ घालायचो, ठाऊक आहे? गंगू भ्यायची."

"मला वाटलं, तुम्हाला त्रास होईल."

"हौ," ते म्हणाले. "त्रास तर होईल."

घरी पोचल्यावर मनूनं त्यांच्या मनगटावरची पट्टी पकडली आणि तोंडात घालायला ओढली. ती निघता निघेना. शेवटी जयवंतामावशींनी कात्रीनं कापली.

परभणीला ते गेलेच. रेणूआत्यांनी डिंकाचे लाडू करून ठेवले होते, शब्द दिला होता, आणि मुकुंदराव शब्द मोडणाऱ्यांतले नव्हते. गौरी मनूला घेऊन नामपल्लीला पोचवायला आली. त्यांच्या हातात खांद्याला अडकवायची छोटी पिशवी होती, दोन शर्ट मावतील एवढी. मोठी बॅग परत कपाटावर गेली होती. कधी गेली ते तिला कळलं नव्हतं, सकाळी दाराशी पायाला काही लागलं नाही तेव्हा लक्षात आलं.

गाडी हलली. मुकुंदराव दारातून वाकले आणि पहिल्यांदाच गौरीनं तो आवाज ऐकला, डेपोतला. फलाटावरची माणसं वळून बघू लागली.

"पोचल्यावर फोन करतो. घरी."

गाडी गेल्यावर फलाट रिकामा झाला. मनू रुळांकडे हात करत होती. गौरीला घाई होती, कचेरी होती, पाळणाघर होतं; पण ती तिथेच उभी राहिली, शेवटचा डबा दिसेनासा झाल्यावरही थोडा वेळ.